पाठीवर उमटलेली राळ

माझ्या दंडावर पहिल्यांदा सेन्सर चिकटवला त्या दुपारी मी एक भाकरी खाल्ली आणि ती रक्तात कशी चढत जाते ते मोबाइलवर बसून पाहिलं. पडद्यावर एक आकडा आणि शेजारी एक बाण. आधी बाण आडवा होता, मग तिरका झाला, मग सरळ वर गेला. मी नवऱ्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, भाकरी बघ."

तो इथल्याच एका धाग्याच्या कंपनीत कामाला आहे. पाळी संपवून नुकताच आला होता, हातपायही धुतले नव्हते. माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. "म्हणजे आत्ता, या मिनिटाला, हे तुझ्या आत चाललंय?" "हो," मी म्हटलं. संध्याकाळी आम्ही दमणगंगेच्या काठाने चालून आलो, तर बाण हळूहळू खाली वळला. माझी पावलं त्या बाणाला समजत होती. मला एवढं भरून आलं की मी रस्त्यातच थांबले.

मला मधुमेह झाला तो बाराव्या वर्षी. टाइप वन. वय वाढल्यावर होतो तो नव्हे. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजते आणि मारून टाकते. का, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. तेव्हापासून मी इन्सुलिन टोचून घेतेय आणि बोटाला सुई टोचून साखर बघतेय. बोटांची टोकं चाळणीसारखी झाली आहेत. इतकी वर्षं माझ्या आत काय चाललंय ते मला थेंबाथेंबाने कळायचं, आणि दोन थेंबांच्या मधे सगळा अंधार असायचा. आता शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी एक चकती दंडाला चिकटवली, तिच्यातला केसाएवढा तंतू कातडीखाली गेला, आणि अंधार संपला.

त्याहून मोठं कारण वेगळं होतं. साखर उतरली की बहुतेकांना घाम सुटतो, हात थरथरतात. माझ्या शरीराने इतक्या वर्षांनंतर ती सूचना देणंच सोडून दिलं होतं. मी बरी असायचे आणि एकदम शब्द सापडेनासे व्हायचे. शाळेत शिकवताना हे फार भीतीचं. मी सिल्वासातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. वर्गातली निम्मी मुलं खानदेशातून कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांची, माझ्याच गावाकडची. सेन्सर आल्यावर मोबाइल टेबलावर वाजायचा, तेव्हा अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "बाई, खा!" मी खडू ठेवून ग्लुकोज तोंडात टाकायचे आणि मुलं खूश व्हायची, जणू त्यांनीच मला भरवलंय.

असे काही महिने गेले. मग खाज सुरू झाली.

सेन्सर दर पंधरवड्याला बदलावा लागतो, कधी या दंडावर, कधी त्या. एकदा काढला तर खाली लालसर डाग. वाटलं, घाम साचला असेल. आमच्याकडे पावसाळा संपल्यावर जे ऊन पडतं त्यात कातडीचं काहीही होऊ शकतं. पुढच्या वेळी डागावर बारीक पुरळ होतं. त्याच्या पुढच्या वेळी पाणी भरलेले फोड, आणि त्या फोडांनी सेन्सरच्या पट्टीचा आकार जसाच्या तसा काढलेला. कंपासने आखावं तसं वर्तुळ. पट्टीच्या बाहेर एक फोड नाही, आत एक जागा मोकळी नाही.

टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत प्रत्येकाचं आपापलं निदान होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा पी. शाळेतली एक बाई म्हणाली, नागीण असेल, वेढा पूर्ण होऊ देऊ नकोस. कुणी बोअरच्या पाण्यावर संशय घेतला, कुणी कंपन्यांच्या धुरावर. नवरा म्हणाला, "काढून टाक ना तो."

"आणि मग?"

उत्तर त्यालाही माहीत होतं.

मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले आणि चालू ठेवलं. पण कातडी ओली राहायला लागली तशी पट्टी सुटायला लागली, आकडे भरकटायला लागले. एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना सेन्सर बाहीतून घरंगळून खाली पडला. त्या दुपारीच मी डॉक्टरांकडे गेले.

त्वचेच्या या डॉक्टर माझ्याहून लहान, गुजराती. बोलताना तीन भाषा एकाच वाक्यात आणतात. त्यांनी माझे दोन्ही दंड उजेडात धरून पाहिले. लगेच औषध लिहितील असं मला वाटलं होतं, पण त्या बराच वेळ नुसत्या बघत होत्या.

"बेन, ही उष्णता नाही, नागीण पण नाही. ही अॅलर्जी आहे. पट्टीच्या गोंदमधली कोई एक वस्तू तुमच्या चामडीला नाही चालत. कुठली, ते शोधावं लागेल. पण पहिले आराम. सेन्सर बंद."

"किती दिवस?"

"चामडी शांत होईपर्यंत. नंतर टेस्ट."

मी घरी आले आणि धुळ्याला अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. पूर्वी त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद करूनही बरीच वर्षं झाली. मी सहज बोलायचं म्हणून फोन केला होता. ते एवढंच म्हणाले, "येतो." दुसऱ्या दिवशी एक पिशवी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा घेऊन दारात उभे.

माझ्या लहानपणी सेन्सर नव्हता, मोबाइल नव्हता, तेव्हा आई आणि अण्णा हेच माझे सेन्सर होते. आई माझ्या डोळ्यांकडे बघायची. अण्णा काय बघायचे ते मला कधी कळलं नव्हतं. ते आता कळलं.

मधल्या सुट्टीत रोज त्यांचा फोन यायला लागला. "काय शिकवलंस?" मी सांगायचे, भागाकार शिकवला, अमुक कविता शिकवली. "बरं," म्हणून ते फोन ठेवायचे. मला वाटायचं, दिवसभर घरात एकटे कंटाळत असतील. एके दिवशी मी बोलत असताना त्यांनी मला मधेच थांबवलं.

"बेटा, आधी काहीतरी खा."

"मी बरी आहे, अण्णा. डबा आत्ताच—"

"तुझे शब्द एकमेकांना चिकटायला लागलेत. खा आधी, मग बोल."

मला राग आला. साखर उतरली की मला आधी राग येतो, हेही त्यांना माहीत होतं. ते फोन धरून थांबले. मी बोटाला सुई टोचली. आकडा इतका खाली होता की आणखी थोड्या वेळाने मला फोनसुद्धा धरता आला नसता. मी ग्लुकोजची पुडी फोडून तोंडात ओतली आणि स्टाफरूमच्या बाकावर बसून राहिले. पलीकडून अण्णांचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता बोल बरं काहीतरी." मी म्हटलं, "भागाकार शिकवला." "हां," ते म्हणाले. "आता स्वच्छ आहे."

धुळ्याहून नव्हे, शाळेपासून दोन गल्ल्यांपलीकडच्या माझ्या घरातून बोलत होते ते. पण त्यांनी माझं रक्त आवाजातून वाचलं होतं. 

दंड सुकले तेव्हा टेस्टचा दिवस ठरला. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर पट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टीवर छोट्या छोट्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ: रबरातला, सुगंधातला, धातूतला, गोंदातला, असे कितीतरी. पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं नाही. इथल्या उकाड्यात घाम येऊ द्यायचा नाही म्हणजे काय करायचं? मी रजा टाकून पंख्याखाली पालथी पडून राहिले. अण्णा शेजारी खुर्चीत बसून पेपर मोठ्याने वाचून दाखवत होते.

पहिली रात्र गेली, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर उजवीकडे एका ठिकाणी खाज सुटली. एकाच ठिकाणी. जणू कुणीतरी बोट टेकवून म्हणतंय, इथे. आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून नवल वाटतं. माझे दोन्ही दंड खाजायला लागले. वाळलेले, बरे झालेले, जिथे सेन्सर लावून कितीतरी दिवस झाले होते ते दंड. मी बाही वर केली तर जुनी वर्तुळं पुन्हा गुलाबी झाली होती, अगदी त्याच जागी. मी अण्णांना दाखवलं.

"काय व्हयनं हे?" गडबडले की ते अहिराणीत बोलतात. "इथे तर काही लावलेलंच नाही!"

"नाही ना."

"मग पाठीवरचं हाताला कसं कळलं?"

डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या तेव्हा मी हाच प्रश्न विचारला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बेन, चामडी भूलती नथी, विसरत नाही. काही पेशी असतात, त्या एकदा एखादी वस्तू ओळखून ठेवतात. मग वर्षानुवर्षं त्या चामडीत बसून राहतात, पहारा देतात. पाठीवर ती वस्तू आली, खबर पसरली, आणि दंडावर पहाऱ्याला बसलेल्या जाग्या झाल्या. असं क्वचित दिसतं. पण दिसतं."

त्यांनी मोबाइलने माझ्या पाठीचा फोटो काढून मला दाखवला. सगळी पाठ स्वच्छ, फक्त वाट्यांच्या गोल खुणा. त्यांत एकच जागा लाल, फुगलेली, वर बारीक फोड. रात्रीच्या शेतात एकच दिवा लागावा तशी.

"ही कुठली?"

"राळ."

"राळ म्हणजे... धुपासारखी जाळतात ती?"

"तेच. चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडाचा गोंद. खूप ठिकाणी असते. चिकटपट्टीत, कधी टिकलीच्या गोंदमध्ये..."

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. टिकली लावली की तिथे खाज येते, म्हणून मी कॉलेजात असतानाच टिकली सोडून कुंकू लावायला लागले होते. घरात सगळ्यांना माझं मोठं कौतुक वाटायचं, पोरगी जुन्या वळणाची आहे म्हणून.

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "सोल्डरिंगमध्ये पण वापरतात."

आणि मला त्या दवाखान्यात, डेटॉलच्या वासात, तो दुसरा वास आला.

अण्णांच्या दुकानात एक टेबल होतं. शाळा सुटली की मी त्या टेबलापाशी स्टुलावर बसायचे. बामच्या डबीच्या झाकणात पिवळट, काचेसारखा एक खडा असायचा. अण्णा तापलेली कात्री त्याला टेकवायचे. सोल्डरिंगच्या त्या तापत्या हत्याराला ते कात्री का म्हणायचे, देव जाणे. खडा वितळून चुर्र व्हायचा आणि पांढऱ्या धुराची एक शेपटी वर जायची. गोड, जंगलासारखा वास. मला तो इतका आवडायचा की मी मुद्दाम नाक पुढे करायचे. ते काम करत असताना मी त्या खड्याचा भुगा बोटांत चोळायचे, बोटं चिकट झाली की एकमेकांना चिकटवून सोडवायचे, चिकटवून सोडवायचे. अण्णा तार धरायला सांगायचे तेव्हा मी श्वास रोखून तार धरायचे. मेलेला रेडिओ एकदम खरखरून बोलायला लागायचा, आणि दोघंही एकमेकांकडे बघून हसायचो.

तेव्हाची ती सात-आठ वर्षांची बोटं. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मी ते टेबल विसरले नव्हते, पण त्याची आठवणही रोज येत नव्हती. माझ्या कातडीला मात्र ते तसंच्या तसं आठवत असेल? मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "शक्य आहे. पण नक्की तिथूनच आलं असं कुणी सांगू शकणार नाही. टिकलीतून पण असेल, पट्टीतून पण असेल." मी मान हलवली. मला शास्त्र कळतं. तरी घरी येताना रिक्षात मी माझी बोटं एकमेकांना चिकटवून सोडवत होते.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटेल असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी तुला तिथे बसू द्यायला नको होतं."

"अहो अण्णा, डॉक्टर म्हणाल्या की नक्की सांगता येत नाही. आणि असलं तरी काय झालं? मला तिथे बसायचंच होतं. तुम्ही उठवलं असतं तरी उठले नसते."

मी चहा टाकला. कप त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, "आणि तो आजार? साखरेचा? तोही त्या धुरानेच झाला असेल का?"

मी उभीच राहिले. हा प्रश्न त्यांना आत्ता सुचलेला नव्हता. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की तो जुना आहे. बाराव्या वर्षी मी हॉस्पिटलात पडले होते तेव्हापासूनचा. एवढी वर्षं ते मला हसत इन्सुलिन आणून देत होते आणि हा प्रश्न घेऊन फिरत होते.

मी म्हटलं, "नाही अण्णा. तसं होत नाही."

"तुला काय माहीत? तू डॉक्टर आहेस का?"

म्हणून त्यांना घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं अण्णांना. स्टुलावर ताठ बसून त्यांनी प्रश्न विचारला, पाठ केलेला विचारावा तसा. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, ना. बिलकुल ना. राळेने डायबिटीस होत नाही. धुराने, सोल्डरने होत नाही. कोई मावतरनी भूल नथी. आईबापाची चूक नसते यात."

"पक्कं?"

"पक्कं."

अण्णांनी दीर्घ श्वास सोडला. मग खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला, मान पुसली, आणि रुमालाची घडी घालत राहिले. ते रुमाल खिशात ठेवत असताना डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला खोल चिरा. त्या मी जन्मापासून पाहत आलेय. मला त्या त्यांच्या हाताचाच भाग वाटायच्या.

"हे कधीपासून आहे, काका?"

"हे? कामाचं आहे हे. जायचं नाही."

"मग तुमची पण टेस्ट करू," डॉक्टर म्हणाल्या. "बघू तरी."

अण्णा तयार झाले, आणि मला वाटतं, ते आनंदाने तयार झाले. माझ्यात आहे ते त्यांच्यातही निघावं अशी त्यांची इच्छा असावी. माझीही होती. त्यांनी तर आयुष्यभर ती राळ हाताळली होती, तिचा धूर गिळला होता.

दरम्यान माझ्यासाठी डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारच्या गोंदाचा सेन्सर शोधून काढला होता. आधी त्याच्या पट्टीचा नुसता तुकडा हातावर लावून पाहिला. काही झालं नाही. मग कातडीवर एक पातळ पारदर्शक थर लावून त्यावर सेन्सर बसवला. मोबाइलवर पुन्हा आकडा आला, आकड्याशेजारी बाण आला. शाळेत तो वाजला तेव्हा वर्गाने असा गलका केला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. पंधरा दिवसांनी पट्टी काढली, तर खाली माझी नेहमीची, सावळी, गप्प कातडी.

अण्णांच्या पट्ट्या काढायच्या दिवशी मी त्यांच्यामागे उभी होते. त्यांनी सदरा काढला. वडिलांची पाठ आपण कधी नीट बघतो? त्यांची पाठ रुंद होती, थोडी वाकलेली, जागोजागी तीळ, मणक्यावर पांढरे केस. डॉक्टरांनी एकेक पट्टी सोडवली. राळेच्या जागी नुसती वाटीची गोल खूण होती. तीही बघता बघता पुसट होत गेली.

"काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काकांना राळ चालते. बोटाच्या चिरा दुसऱ्या कारणाने आहेत, कोरड्या चामडीच्या. मलम देते."

"अहो, असं कसं?" अण्णा मान वळवून म्हणाले. "सगळा धूर मी खाल्ला आणि पोरीच्या अंगावर उमटला?"

"ते नाही सांगता येत, काका. दोघं एकाच टेबलापाशी बसतात, एकाची चामडी पहारा लावते, दुसऱ्याची नाही लावत. का, ते मला पण माहीत नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कातडी कोमट होती, सैल, मऊ. सत्तर वर्षांचं ऊन, घाम, धूर या कातडीवरून गेला होता आणि तिने कशाबद्दलच तक्रार केली नव्हती. माझी तिच्याच पोटची, आणि तिला एका चिमटीभर भुग्याची एवढी आठवण. कुठली शहाणी म्हणायची? मी बराच वेळ हात तसाच ठेवला असावा, कारण अण्णा म्हणाले, "काय गं, काय दिसतंय एवढं?"

"काही नाही. तीळ मोजत होते."

"मोजून झाले असतील तर सदरा दे. भूक लागली मला. येताना त्या चौकात गोटे, मेथीची ती भजी, तळत होता एकजण."

आम्ही मलम घेतलं आणि उन्हात बाहेर पडलो.